'हॉटेलच्या ऑर्डरमधून उरलेले' स्पीकर

कोल्हापुरात कुणी गाडीच्या डिकीतून स्पीकर विकायला आला, तर त्याच्या पहिल्या दोन वाक्यांतच तो ओळखता येईल. "साहेब, एका हॉटेलचं साउंडचं काम केलं, गोदामातून दोन जोड्या जास्त आल्या. परत नेल्या तर हिशोब द्यावा लागतो, म्हणून निम्म्या भावात काढतोय." हॉटेलच्या जागी कधी थिएटर असेल, पण गोष्ट हीच. अमेरिका-युरोपात हा फसवणुकीचा धंदा पांढऱ्या व्हॅनमधून कित्येक दशकं चाललाय. आम्हाला तो भेटला शिरोली एमआयडीसीतून तावडे हॉटेलकडे येताना, रस्त्याकडेला.

माझ्याकडे वडिलांच्या वेळचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे, चॅनेलला चाळीसेक वॅटचा, अजून ठणठणीत. स्पीकरचे बॉक्स मात्र गेले होते. वूफरच्या, म्हणजे जाड आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेच्या फोमला बोट लागलं की भुगा पडायचा. बजेट पंधरा हजार. राजारामपुरीत एका दुकानात साडेसहा इंची वूफरची जोडी ऐकून आलो होतो, आवडलीही होती, पण किंमत साडेसतरा. त्या अडीच हजारांवर घोडं अडलं होतं, आणि नेमकी ही गाडी.

तयारी बघण्यासारखी होती. चकचकीत खोका, जर्मन वाटेल असं नाव, ५२,००० रुपये छापलेला कॅटलॉग. कंपनीची वेबसाइटसुद्धा मोबाईलवर उघडून दाखवली. मेहुण्यानं एक बॉक्स उचलला आणि म्हणाला, "दाजी, वजन बघा की! माल हाय ह्यात." वजन खरंच होतं. समोर तीन ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे गोल पडदे, पाठीमागं '१२०० वॅट, ८ ओहम'. वाजवून दाखवा म्हटलं, तर गाडीत ॲम्प नाही म्हणाला. बावीसपासून सुरू झालेला भाव चौदावर आला. रोखच पाहिजे होते, पण बिल मात्र न मागता दिलं, छापील, जीएसटी नंबरासकट.

घरी लावले. आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. ॲम्प तासाभरात इतका तापला की वर हात ठेववेना. मल्टिमीटर लावला तर साडेतीन ओहम. आठ ओहमचा म्हणवणारा स्पीकर मीटरवर साधारण सहाच्या आसपास दाखवतो, साडेतीन म्हणजे चार ओहमचा माल. ओहम कमी तेवढा ॲम्पवर ताण जास्त. माझ्या जुन्या ॲम्पला तो झेपणारा नव्हताच.

मग मागचे स्क्रू काढले. मी फाउंड्रीत काम करतो, त्यामुळं वजनाचं कोडं लगेच सुटलं. तळाला बिडाचा ओबडधोबड तुकडा गोंदानं चिकटवला होता, कास्टिंगवरून कापून टाकलेला जादा भाग, रायझर. आमच्याच भंगारातून गेला असता तरी नवल नाही! वूफरच्या मागं मोठी रबरी टोपी, ती काढली तर आत पेढ्याएवढा मॅग्नेट. मधल्या ड्रायव्हरला वायरच नव्हती, नुसता शोभेचा. जाड आणि बारीक सूर वेगळे करणारा क्रॉसओव्हर म्हणून बारीक आवाजाच्या ट्वीटरला नुसता एक कपॅसिटर जोडला होता. वूफरला तर बारीक सूर अडवणारी कॉइलही नाही, त्यामुळं सगळाच आवाज त्याच्यात घुसत होता.

चीड येते ती यासाठी की हे लोक अडाण्याला फसवत नाहीत. ज्याला चार गोष्टी ठाऊक आहेत, वजनदार बॉक्स चांगला, वॅट जास्त ते चांगलं, पक्कं बिल घ्यावं, त्यानं जे जे तपासावं ते सगळं ते तयार ठेवतात. वॅटचंच घ्या. साध्या स्पीकरवरचा वॅटचा आकडा म्हणजे तो किती सोसतो एवढंच. तो किती जोरात वाजेल हे सेन्सिटिव्हिटीवरून कळतं, आणि ती डेसिबलमध्ये लिहितात. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला ॲम्पची निम्मी ताकद लागते. चाळीस वॅटवाल्याला कामाचा आकडा हा. त्या १२०० वॅटवाल्या बॉक्सवर तो कुठंच नव्हता. पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, असं लिहिलेलं असेल तर तिकडं बघूच नका, ती मोजायची ठरलेली पद्धतच नाही, कंपनीच्या मनाला येईल तो आकडा छापता येतो.

बिलाचंही तेच. नंबर पंधरा अक्षरी होता, महाराष्ट्राच्या २७ नंच सुरू होत होता. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर खरा निघाला, पण नाव आलं भलत्याच एका कापड दुकानाचं. ही तपासणी मोबाईलवर फुकटात होते, पैसे देण्याआधी गाडीजवळ उभं राहूनही होते.

पोलिसांत अर्ज दिलाय. ज्याला आपण अजून चारशेवीस म्हणतो ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, एवढी माहिती तिथं मिळाली. ग्राहक आयोगाकडं जावं, तर समोरचा माणूस कोण, राहतो कुठं, काहीच माहीत नाही. तोच माल दुकानातून आणला असता तर गोष्ट वेगळी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते, आणि आधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन करून बघता येतो. राजारामपुरीतल्या साडेसतरा हजारांत हे सगळं धरलेलं होतं. दुकानदारानं माझ्या पेनड्राइव्हवरचं भीमसेन जोशींचं गाणं अर्धा तास लावून ठेवलं होतं, ते वेगळंच.

गाडी पांढरी, सात सीटची, मागच्या काचांना काळी फिल्म. दोघं जण, एक बोलणारा आणि एक नुसता खोके काढणारा. मेहुण्यानं स्पीकरचे फोटो काढले होते, त्यात एका कोपऱ्यात नंबर प्लेट आली. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीची माहिती मिळते, तिथं तो नंबर टाकला, तर वाहनाचा प्रकार दाखवतोय दुचाकी. फोटो अर्जासोबत जोडलाय. कुणाला ही गाडी दिसली तर भाव विचारण्याआधी प्लेटचा फोटो काढा, नंबर ॲपवर टाका, आणि जुळला नाही तर तिथूनच ११२ ला फोन लावा.