उशब्ती विकत घेताय? मूर्तीआधी कागद वाचा

प्राचीन इजिप्तची एखादी तरी वस्तू आपल्या कपाटात असावी, असं वाटणारे बहुतेक हौशी लोक उशब्तीपासून सुरुवात करतात. मृताच्या वाट्याला परलोकात येणारी शेतीची कामं करण्यासाठी थडग्यात ठेवलेल्या या वीतभर बाहुल्या. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात पूर्ण संच ४०१ चा मानला जाई: दिवसाला एक असे ३६५ मजूर आणि त्यांच्यावर ३६ मुकादम. शेकड्यांनी घडवल्यामुळे बाजारात खऱ्या उशब्तीही बऱ्याच फिरतात, आणि त्यांच्या गर्दीत खोटी सहज खपते.

फसवणूक साधारण अशी होते. ऑनलाइन लिलावात ११-१२ सेंटिमीटरची, चकचकीत निळी मूर्ती दिसते. खाली ओळ असते: 'जुना इंग्लिश खासगी संग्रह, १९६० चं दशक'. सोबत सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट आणि थोडी घाई, की आणखी दोन गिऱ्हाइकं थांबली आहेत. पैसे जातात, पार्सलही येतं. दोन वर्षांनी मूर्ती विकायला काढली की लिलावगृह नुसते फोटो बघून नको म्हणतं. तोवर विक्रेत्याचं खातं बंद झालेलं असतं.

फोटोवरून कसं कळतं? नकली माल करणारा दोन काळांची सरमिसळ करतो म्हणून. २१ व्या राजवंशाच्या उशब्ती झगझगीत निळ्या असतात. त्यांच्यावर मजकूर काळ्या रंगाने रंगवलेला असतो, डोक्याला पट्टी बांधून मागे गाठ मारलेली असते, दाढी नसते आणि पाठीला खांब नसतो. २६ व्या राजवंशात हे सगळं बदलतं. रंग फिकट हिरवा-निळा होतो, खोटी दाढी येते, पायाखाली चौथरा आणि पाठीला सरळ खांब येतो, अक्षरं कोरलेली असतात. निळा रंग, दाढी आणि पाठखांब एकाच मूर्तीत दिसले तर ती बहुधा पर्यटकांच्या दुकानातली समजावी. हातातली अवजारंही बघावीत. खऱ्या मूर्तीत कुदळ आणि फावडं वेगवेगळं ओळखू येतं, डाव्या खांद्यामागे बियाण्याची पिशवी लोंबते. नकलेत या तिन्हींच्या जागी तीन जाड रेघा असतात.

मजकूर वाचता येत नसला तरी एक गोष्ट कुणालाही तपासता येते. चित्रलिपीतले पक्षी आणि माणसं ओळीच्या सुरुवातीकडे तोंड करून असतात. एकाच ओळीत निम्मे पक्षी उजवीकडे आणि निम्मे डावीकडे बघत असतील, तर तो मजकूर नाही, नक्षी आहे. मालकाचं नाव कुठे आहे, असं विक्रेत्याला जरूर विचारा. नाव वाचून दाखवता येत नसेल आणि तरी 'दुर्मीळ पुजाऱ्याची' म्हणून भाव वाढवला असेल, तर तिथेच थांबावं.

आता पदार्थ. या निळ्या-हिरव्या उशब्ती ज्याच्या घडवत, ते फायान्स म्हणजे साधी माती नव्हे. दळलेली गारगोटी किंवा वाळू, थोडा चुना, नॅट्रॉनसारखा क्षार आणि रंगासाठी तांबं, असं ते मिश्रण. टवका उडालेला असेल तर आतला भाग साखरेसारखा रवाळ दिसतो, पांढरट, करडा किंवा तपकिरी. आत गुळगुळीत प्लॅस्टर किंवा रेझिन दिसलं तर पुढे बघायची गरज नाही. दोन्ही बाजूंनी उभी शिवण दिसत असेल तर दोन भागांचा साचा वापरलाय. खऱ्या मूर्ती बहुतेक एका उघड्या साच्यात दाबून काढत आणि पाठ हाताने सारखी करत. ॲसिटोनचा बोळा कोपऱ्यात फिरवला की चोपडलेली 'जुनी धूळ' सुटून येते. मात्र रंगवलेल्या लाकडावर हे कधीही करू नये, खरा रंगही जाईल.

प्रयोगशाळेच्या कागदावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. थर्मोल्युमिनेसन्स चाचणी भाजलेल्या मातीचं वय सांगते, कोरलेल्या दगडाचं नाही. लाकडाची कार्बन चाचणी लाकडाचं वय सांगते, कोरण्याचं नाही, आणि नकली कामाला जुन्या शवपेटीची फळी वापरली असेल तर ती चाचणी चोराच्याच बाजूने साक्ष देते.

मालकीच्या कागदांवर किती विश्वास ठेवावा, हे इंग्लंडमधल्या बोल्टन शहराच्या नगरपालिकेला विचारावं. २००३ मध्ये त्यांनी ५२ सेंटिमीटरची 'अमार्ना राजकन्या' नावाची प्राचीन इजिप्शियन म्हणवली जाणारी मूर्ती ४,४०,००० पौंडांना घेतली. पुरावा म्हणून १८९२ च्या लिलावाची यादी होती, आणि यादी खरी होती. पण तिच्यात 'आठ इजिप्शियन मूर्ती' इतकंच मोघम लिहिलेलं! शॉन ग्रीनहाल्घ या गृहस्थाने ती सुमारे तीन आठवड्यांत घडवून चहा आणि मातीने जुनी केली होती. पुढे त्याच्याच कुटुंबाने विकायला काढलेल्या असिरियन शिल्पांवरच्या लिपीत चुका सापडल्या आणि सगळं उघड झालं.

याहून महागात पडते ती खरी पण चोरीची वस्तू. १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने इजिप्तमधला पुरावस्तूंचा व्यापार बंद झाला. त्याआधी परवानाधारक दुकानं होती, खुद्द कैरोच्या संग्रहालयात विक्रीची खोली होती. म्हणून बनावट कागदांवर तारीख हमखास १९८३ च्या आधीची पडते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये नेजेमांख पुजाऱ्याची सोनेरी शवपेटी सुमारे ४० लाख डॉलरना घेतली, ती मे १९७१ च्या निर्यात परवान्यावर. परवान्यावर शिक्का 'अरब रिपब्लिक ऑफ इजिप्त'चा. देशाला ते नाव मिळालं सप्टेंबर १९७१ मध्ये. मे महिन्यात तो 'युनायटेड अरब रिपब्लिक' होता. पेटी इजिप्तमधल्या २०११ च्या उठावाच्या धामधुमीत लुटलेली निघाली आणि २०१९ मध्ये इजिप्तला परत गेली.

नाईलची सहल करून येणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना लक्सरमध्ये फडक्यात गुंडाळलेली वस्तू कुणी हळूच दाखवली, तर दोनच शक्यता असतात. खोटी असेल तर पैसे गेले. खरी असेल तर विमानतळावर तुम्ही गुन्हेगार. घ्यायचंच असेल तर इजिप्तबाहेर, पावतीसह घ्या, आणि विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: १९८३ पूर्वीचा तारखेचा फोटो किंवा लॉट क्रमांकासह छापील यादी, त्या यादीत वस्तूची उंची, आणि वस्तू खोटी निघाल्यास पैसे परत करण्याची लेखी, मुदत नसलेली हमी. नुसतं 'आजोबांकडून आली' एवढंच उत्तर आलं तर पाकीट बंद ठेवा.