बर्तन बाजारातला स्टीलचा डबा : चार वर्षांच्या वापरानंतर

इंदूरला राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारातून मी चार वर्षांपूर्वी दीड लिटरचा, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा 420 रुपयांना घेतला. दुकानदाराने तो 304 प्रतीच्या स्टीलचा, म्हणजे सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेला, असल्याचे सांगितले होते. आमसुलाचे सार कितीदा तरी नेऊनही आत डाग पडलेला नाही. झाकणाचे रबर मात्र दीड वर्षातच सैल झाले आणि बदलावे लागले.

दुकानात भांड्यावर नाव घालून मिळते, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. नाव घातलेला डबा घरी परत येतो, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कुणाचाही डबा रिकामा परत करायचा नसतो.

हा डबा बहुतेक वेळा शेजारच्या माळवी कुटुंबाकडे जातो. पहिल्या संक्रांतीला त्यातून गुळाच्या पोळ्या गेल्या, आणि चार दिवसांनी तो तळलेल्या गराडूने, म्हणजे एका कंदाच्या फोडींनी, भरून आला. जिरावण, म्हणजे वरून घालायचा मसाला, वेगळ्या पुडीत बांधलेले होते, कारण ते आयत्या वेळी भुरभुरण्यातच खरी चव आहे, असे भाभींचे म्हणणे. मी मात्र दोन वर्षे मनात हिशेब ठेवत होते. त्यांच्याकडून दाल-बाफले, म्हणजे वरण आणि कणकेचे भाजलेले गोळे, आले की त्याच आठवड्यात पुरणपोळी गेलीच पाहिजे, असा माझा आग्रह असे, आणि त्या घाईत आपण प्रत्येक वेळी खाते मिटवून टाकतो आहोत, हे मला उमगत नव्हते.

गेल्या वर्षी सासूबाईंची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डबा भाभींकडे होता. सलग अकरा दिवस तो पोळी-भाजीने भरून आला आणि मी तो रोज नुसता विसळून, रिकामाच परत दिला. बाराव्या दिवशी मी संकोचून काही बोलू लागले, तर त्यांनी डबा हातातून घेत विचारले, "कल करेले बना दूँ?" महिन्याभरात त्यांनी प्रथमच माझ्याकडे काही मागितले : परीक्षेपुरती त्यांची मुलगी दुपारी आमच्याकडे अभ्यासाला बसली तर चालेल का? त्याआधी त्यांनी वाटीभर साखरही कधी मागितली नव्हती. मी निःसंकोच घेऊ शकते हे दिसल्यावरच त्यांना मागणे सोपे गेले, असे मला मनापासून वाटते.

घ्यायचा असल्यास दीड लिटरचाच घ्यावा. तीन लिटरचा भरून पाठवला की समोरच्यावर परतफेडीचे दडपण येते. नाव बुडाशी आणि झाकणावर, दोन्हीकडे घालून घ्यावे. मी फक्त बुडाशी घातले, भाभींनीही पुढे त्याच दुकानातून तसाच डबा आणला, आणि सध्या आमच्या डब्यावर त्यांचे झाकण आहे.