लिनक्स कर्नलचा ‘नेटवर्क डिव्हाइस सपोर्ट’ मेनू: पाचपैकी चार तारे

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः बांधणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. कर्नलमध्ये काय घ्यायचं ते निवडायची ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ ही कमांड चालवून ‘डिव्हाइस ड्रायव्हर्स’मध्ये गेलं आणि ‘नेटवर्क डिव्हाइस सपोर्ट’ उघडलं, की जो भलामोठा मेनू पुढ्यात येतो त्याचं हे परीक्षण. माझं काम एकेका ठरावीक कामाला लावलेल्या यंत्रांचे कर्नल तयार करण्याचं: डिस्क नसलेली टर्मिनल, छोटे राउटर, व्हर्च्युअल सर्व्हर. अशा यंत्राचं नेटवर्क चालू झालं नाही तर त्याच्यापर्यंत पोचायला दुसरी वाटच उरत नाही. त्यामुळे बाकीच्या कॉन्फिगरेशनवरून मी भराभर पुढे जाते आणि या मेनूत मात्र ठिय्या देऊन बसते. चार तारे देताना हात आखडलेला नाही. पाचवा कापला तो मेनूतल्या एका उणिवेपायी. आतले ड्रायव्हर, म्हणजे कार्डं चालवणारे कर्नलचे भाग, उत्तम आहेत.

आधी मांडणीबद्दल. ‘इथरनेट ड्रायव्हर सपोर्ट’मध्ये शिरलं की कंपन्यांची वर्णानुक्रमे यादी लागते: थ्रीकॉम, अ‍ॅमेझॉन, एएमडी, ब्रॉडकॉम, इंटेल, रिअलटेक आणि अशा कितीतरी. पूर्वी इथे वेगानुसार कप्पे होते: १० किंवा १०० मेगाबिट, १००० मेगाबिट, १०,००० मेगाबिट. २०११ मध्ये जेफ कर्शर यांनी सगळे इथरनेट ड्रायव्हर निर्मात्यांच्या नावाच्या फोल्डरांत हलवले आणि कर्नल ३.२ पासून ही रचना रूढ झाली. एकाच कंपनीची वेगवेगळ्या वेगांची कार्डं एका जागी आली, हे चांगलंच झालं.

यातल्या बहुतेक कंपन्यांपुढे आधीपासूनच ‘वाय’, म्हणजे ‘हो’, असतो. नवीन माणूस ते पाहून धसका घेतो, की एवढं सगळं माझ्या कर्नलमध्ये जाणार. जात नाही. कंपनीच्या नावापुढचा ‘वाय’ एकही ड्रायव्हर आत घालत नाही; त्या कंपनीच्या कार्डांचे प्रश्न विचारायचे की वगळायचे, एवढंच तो ठरवतो. कोणत्याही कंपनीवर थांबून मदतीची कळ दाबा, हे तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. नको त्या कंपन्या मी तरीही बंद करते, कारण मेनू आटोपशीर होतो आणि पुढच्या वेळी नजर भरकटत नाही. पण त्याने कर्नल बारीक होईल या आशेवर कोणी वेळ घालवू नये.

खरी अडचण अशी, की कंपन्या विकल्या जातात आणि मेनूतली नावं तशीच राहतात. हाताशी एन्व्हिडियाचं नवं कनेक्टएक्स कार्ड आहे म्हणून तुम्ही एन्व्हिडियाच्या कप्प्यात गेलात, तर तिथे मिळेल ‘फोर्सडेथ’, म्हणजे जुन्या मदरबोर्डांवरच्या एनफोर्स चिपसेटचा ड्रायव्हर. कनेक्टएक्सचा ‘एमएलएक्स५’ मेलानॉक्सच्या नावाखाली आहे. एन्व्हिडियाने ती कंपनी २०२० मध्ये घेतली, कप्पा मात्र जुन्याच नावाने उभा आहे. अक्वांशियाचंही तसंच. कंपनी २०१९ मध्ये मार्व्हेलकडे गेली, ‘अटलांटिक’ ड्रायव्हर अजून अक्वांशियाच्याच खाली सापडतो.

छोट्या बोर्डांवर तर नावाचा काहीच भरवसा धरू नये. रास्पबेरी पाय ४ चं इथरनेट ब्रॉडकॉमच्या ‘जेनेट’ ड्रायव्हरवर चालतं. पाय ५ घेतलात तर तोच शोध कॅडन्सच्या कप्प्यातल्या ‘एमएसीबी’वर येऊन थांबतो. पाय ३ बी मध्ये इथरनेट यूएसबीवरून जोडलेलं आहे, म्हणून त्याचा ‘एसएमएससी९५एक्सएक्स’ इथरनेटच्या यादीत दिसणारच नाही. तो ‘यूएसबी नेटवर्क अडॅप्टर्स’मध्ये आहे. रॉकचिप आणि ऑलविनरच्या अनेक बोर्डांसाठी एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या खालचा ‘एसटीएममॅक’ चालू करावा लागतो. यातलं काहीही बोर्डाकडे किंवा खोक्याकडे बघून कळत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की मेनू उघडण्याआधी यंत्रालाच विचारा. लिनक्सच्या वितरणाबरोबर आलेला तयार कर्नल चालू असतानाच ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही कमांड चालवा. पीसीआय, म्हणजे मदरबोर्डवर कार्डं जोडण्याची पद्धत, वापरणाऱ्या प्रत्येक उपकरणापुढे चौकटी कंसात दोन आकडे येतात, पहिला निर्मात्याचा, दुसरा चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. त्याखालच्या ओळीत सध्या कोणता ड्रायव्हर काम करतो आहे तेही मिळतं, आणि तुम्हाला हवं असलेलं नाव तेच. पीसीआय नसलेल्या बोर्डावर ‘/सिस/क्लास/नेट’मध्ये त्या इंटरफेसच्या ‘डिव्हाइस/ड्रायव्हर’ या दुव्याचं टोक पाहा.

नाव हाती आलं की मेनूतली सगळ्यात देखणी सोय वापरायची. तिरकी रेघ (/) दाबा, नाव टाइप करा. तो पर्याय कुठे आहे, कशावर अवलंबून आहे, त्याच्यासोबत आणखी काय आपोआप चालू होतं, सगळं एका पडद्यावर येतं. शेजारी दिलेला आकडा दाबला की थेट त्या जागी जाता येतं. मला कोणी सांगितलं की उद्यापासून या मेनूतली एकच गोष्ट राहील, तर मी हा शोध मागून घेईन.

इंटेलच्या कप्प्यात थोडं थांबायला हवं, कारण तिथली नावं एकमेकांत मिसळतात. ‘ई१०००’ हा जुन्या पीसीआय आणि पीसीआय-एक्स गिगाबिट कार्डांसाठी. ‘ई१०००ई’ पीसीआय एक्सप्रेसवाल्यांसाठी, आणि मदरबोर्डवर सर्रास आढळणारे आय२१७, आय२१८, आय२१९ हेही त्याच्यातच. आय२१०, आय२११, आय३५० असेल तर ‘आयजीबी’. अडीच गिगाबिटचे आय२२५ आणि आय२२६ ‘आयजीसी’कडे. शेवटच्या एका ‘ई’ची तफावत किरकोळ वाटते, पण त्या दोन ड्रायव्हरांची उपकरणं वेगळी आहेत आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. गंमत म्हणजे जुन्या ‘ई१०००’ची गरज हल्ली बहुधा व्हर्च्युअल मशीनलाच पडते, कारण व्हर्च्युअल मशीन चालवणारं क्यूएमयू त्या नावाने ८२५४०ईएम या जुन्या चिपची नक्कल करतं. इथला मदतीचा मजकूर चोख आहे. ‘ई१०००ई’वर मदत उघडलीत तर जुन्या कार्डांनी दुसरीकडे जावं हे तो स्वतःच सांगतो.

रिअलटेकच्या कप्प्यात एकटा ‘आर८१६९’ बहुतेकांचं काम भागवतो: १०० मेगाबिटच्या ८१०१ पासून अडीच गिगाबिटच्या ८१२५ पर्यंत. त्याला लागणारा रिअलटेकचा पीएचवाय (केबलवरचे सिग्नल सांभाळणारा भाग) ड्रायव्हर तो स्वतःच निवडून घेतो, तेव्हा कॉन्फिगरेशनमध्ये काही राहून जात नाही. घोटाळा होतो तो हाताने इनिटरामएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी तात्पुरती फाइलसिस्टीम, बनवताना. मुख्य मॉड्यूल (ड्रायव्हरची सुटी फाइल) आत ठेवलं आणि त्या पीएचवाय ड्रायव्हरचं ‘रिअलटेक’ नावाचं छोटं मॉड्यूल बाहेर राहिलं, तर कार्ड उभं राहत नाही. ड्रायव्हर मात्र बूटच्या नोंदीत लिहून जातो, की ते मॉड्यूल चढलेलं नाही, कदाचित इनिटरामएफएसमध्ये घालायला हवं. अडलेल्या माणसाला पुढची पायरी सांगणारा असा संदेश कोणीतरी विचारपूर्वक लिहिला, याचं मला मनापासून कौतुक आहे.

आता ‘वाय’ की ‘एम’. माझ्या मते या मेनूतला खरा निर्णय हाच, आणि त्याबाबत मेनू जवळजवळ गप्प आहे. ‘वाय’ म्हणजे ड्रायव्हर कर्नलच्याच पोटात, ‘एम’ म्हणजे वेगळं मॉड्यूल, फाइलसिस्टीमवरून नंतर चढवायचं. विचारायचा प्रश्न एवढाच: या यंत्राला नेटवर्क नेमकं कधी लागतं? रूट, म्हणजे यंत्राची मुख्य फाइलसिस्टीम, स्थानिक डिस्कवर असेल तर ‘एम’ निर्धास्तपणे घ्या. रूटच एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राच्या डिस्कवर, असेल आणि इनिटरामएफएस वापरायची नसेल, तर ड्रायव्हर ‘वाय’च हवा. तो ‘एम’ ठेवला तर मॉड्यूल आहे नेटवर्कपलीकडच्या डिस्कवर, आणि तिथवर जायला लागतं तेच मॉड्यूल.

याच ठिकाणी माझा एक तारा गेला. एनएफएसवरच्या रूटचा पर्याय मुळात दिसतोच तेव्हा, जेव्हा एनएफएस ‘वाय’ असेल आणि ‘आयपी_पीएनपी’, म्हणजे कर्नलने बूटच्या वेळी स्वतः पत्ता मिळवण्याची सोय, चालू असेल. सर्व्हरकडून पत्ता मागणाऱ्या डीएचसीपीसाठी त्याच्या खालचा पर्याय वेगळा निवडायचा. इतकी शिस्त पाळणारा हा मेनू नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर ‘एम’ राहिला तर मात्र चकार शब्द काढत नाही. कर्नल बिनतक्रार बांधला जातो, आणि डिस्क नसलेलं यंत्र बूट होताना रूट शोधत अडकून पडतं. कोणतं कार्ड लागेल हे मेनूला आधी कळणं शक्य नाही, हे मी मान्य करते. पण त्या पर्यायाच्या मदतीत ‘कार्डाचा ड्रायव्हर आत घेतला आहे ना, ते पाहा’ अशी एक ठळक ओळ सहज बसली असती.

मग सगळंच ‘वाय’ का करू नये? कारण फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतल्या चिपवर चालणारा प्रोग्राम. बऱ्याच कार्डांना सुरू होताना ‘/लिब/फर्मवेअर’मधून एक फाइल लागते. ड्रायव्हर कर्नलच्या पोटात असला की तो रूट माउंट होण्याआधीच जागा होतो, आणि त्या क्षणी ती फाइल त्याच्या हाताला लागत नाही. ‘आर८१६९’ अशा वेळी तक्रार नोंदवून सहसा पुढे जातो. ब्रॉडकॉमचा ‘बीएनएक्स२’ तसा जात नाही, त्याला फर्मवेअर हवंच. उपाय दोन. एक तर ड्रायव्हर ‘एम’ करायचा. नाहीतर ‘जेनेरिक ड्रायव्हर ऑप्शन्स’मधल्या फर्मवेअर लोडरखाली त्या फाइलचं नाव लिहून ती कर्नलमध्येच बांधून टाकायची. डिस्क नसलेल्या यंत्रांसाठी मी दुसराच मार्ग घेते.

वायफायचा कप्पा मला सगळ्यात कमी आवडतो. ड्रायव्हर इथे, पण त्यांना आधार देणारे ‘सीएफजी८०२११’ आणि ‘मॅक८०२११’ वेगळ्या शाखेत, ‘नेटवर्किंग सपोर्ट’खाली. ते तिथे चालू केले नाहीत तर इथे त्यांच्यावर अवलंबून असलेले ड्रायव्हर दिसतच नाहीत. इंटेलच्या ‘आयडब्ल्यूएलवायफाय’सोबत जुन्या चिपसाठी ‘डीव्हीएम’ किंवा ७००० मालिकेपासून पुढच्यांसाठी ‘एमव्हीएम’ घ्यावाच लागतो. दोन्ही सोडलेत तर हा ड्रायव्हर निरुपयोगी आहे, अशी सूचना मेनूतच झळकते. एनएफएसच्या रूटबाबत मला जे हवं होतं ते नेमकं हेच, आणि इथे ते आहे.

पर्याय दिसेनासे होण्याचा त्रास व्हर्च्युअल मशीनच्या ‘व्हर्टआयओ’ या आभासी कार्डालाही आहे. ‘व्हर्टआयओ पीसीआय’ आधी चालू नसेल तर त्याचा नेटवर्क ड्रायव्हर यादीतच येत नाही, आणि ‘व्हर्टआयओ पीसीआय’ला ‘एम’ दिलं असेल तर नेटवर्क ड्रायव्हरला ‘वाय’ देता येत नाही. अशा वेळी ‘झेड’ दाबा. लपलेले पर्यायही दिसू लागतात, आणि मग त्यावर मदत उघडून काय कमी आहे ते वाचता येतं. ही कळ फार कमी जणांना ठाऊक असते.

ज्यामागे प्रत्यक्ष कार्ड नसतं असे इंटरफेस विसरू नका. ओपनव्हीपीएन या व्हीपीएन प्रोग्रामला ‘टन’ लागतो, कंटेनरांना (एकाच कर्नलवर वेगवेगळे ठेवलेले प्रोग्राम) ‘व्हीईटीएच’ ही आभासी तारेची जोडी आणि बहुधा त्यांना एकत्र जोडणारा ब्रिज, शिवाय ५.६ पासून कर्नलमध्येच असलेलं वायरगार्ड हे व्हीपीएन. यातला ब्रिज पुन्हा दुसऱ्या शाखेत, ‘नेटवर्किंग ऑप्शन्स’मध्ये.

एवढं सगळं हाताने करायला वेळ नसेल, तर ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ हा रस्ता आहे. स्टीव्हन रोस्टेड यांनी तो २.६.३२ मध्ये आणला. चालू यंत्रावर चढलेली मॉड्यूल तो पाहतो आणि न चढलेली सगळी बंद करतो. दुसऱ्या यंत्रासाठी बांधायचं असेल तर तिथल्या ‘एलएसमॉड’ने दिलेली चढलेल्या मॉड्यूलांची यादी फाइलमध्ये आणून देता येते. मी सुरुवात नेहमी इथूनच करते. फक्त एक ध्यानात ठेवा, त्या क्षणी जे जोडलेलं नाही त्याचा ड्रायव्हर सहसा चढलेला नसतो आणि म्हणून तो गळतो. खणात ठेवलेलं यूएसबी इथरनेट अडॅप्टर, अडीअडचणीला फोनवरून नेटवर्क घ्यायची सोय, या गोष्टी आधी जोडून चालू करा आणि मगच ती कमांड द्या. किंवा नंतर ‘यूएसबी नेटवर्क अडॅप्टर्स’मध्ये जाऊन ‘आर८१५२’, ‘एएक्स८८१७९’, ‘सीडीसी ईथर’ आणि ‘आरएनडीआयएस होस्ट’ यांना हाताने ‘एम’ द्या. ‘आर८१५२’ रिअलटेकचाच आहे, तरी रिअलटेकच्या कप्प्यात शोधू नका.