निकोटीनचं चिंगम: सहा आठवडे गालात ठेवून बघितलं

सिगरेट सोडायला घेतात ते हे चिंगम, पाचपैकी साडेतीन स्टार. एक स्टार कापलाय तो डबीतल्या कागदावरच्या बारीक अक्षरांसाठी आणि अर्धा चवीसाठी. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मी दोन कंपन्यांचं खाल्लं, मिंट पण खाल्लं आणि पान फ्लेवर पण, आतला माल तोच, २ मिलीग्राम निकोटीन, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. त्यामुळं हा रिव्ह्यू एका डबीचा नाही, या प्रकाराचाच समजा.

मी एसटीत कंडक्टर, सातारा डेपो, जास्त करून सातारा-वाई-महाबळेश्वर. १९ वर्षं सिगरेट, दिवसाला १२-१३, आणि त्यातली एक पण गाडीत नाही, गाडीत ओढता येतच नाही, म्हणजे सगळा कारभार स्टँडवर. त्यामुळं माझी तलफ पण टाइमटेबलवर चालायची. पसरणी घाट चढताना कधी आठवण नाही यायची, पण पाचगणीचं स्टँड दिसलं की हात आपोआप खिशाकडं. गाडी लागली, एंट्री केली, चहा सांगितला, पेटवली, असा तो क्रम, त्यातलं एक चुकलं तर काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं.

का सोडली ते सांगत बसत नाही, सगळ्यांची कारणं तीच असतात. गटारी झाली, दुसऱ्या दिवशी श्रावण लागला, घरात मटण बंद, म्हणलं हे पण बंद, बघू किती दिवस निघतंय. स्टँडसमोरच्या मेडिकलमधून दहाची स्ट्रिप घेतली, शंभराच्या थोडं पुढं गेली, आणि पहाटेच्या फेरीला निघालो.

पहिला दिवस म्हणजे नुसता तमाशा. चिंगम म्हणलं की माणूस काय करणार, चावणार. मी पण कचाकचा चावलं, दोन मिनिटात घसा पेटला, छातीत जळजळ, मळमळ आणि उचकी. उचकी म्हणजे साधी नाही, पाचवडपासून जी लागली ती वाईपर्यंत, तिकीट मशीनमध्ये स्टॉप टाकतोय आणि हिक, सुट्टे परत देतोय आणि हिक. पुढच्या सीटवरच्या एक आजी म्हणाल्या, मास्तर, घरून आठवण काढत्यात वाटतं. मी मनात म्हणलं घरची नाही हो, सिगरेट काढतीय.

वाईला उतरून उरलेली स्ट्रिप फेकून देणार होतो. तेवढ्यात आठवलं की सिगरेटच्या पाकिटावर एक नंबर असतो, तंबाखू सोडायचा, १८००-११-२३५६. इतकी वर्षं ते पाकीट हातात घेतलं, तो सडलेल्या तोंडाचा फोटो बघायची पण सवय झाली, नंबर कधी नीट वाचला नव्हता. फोन लावला, फुकट आहे, मराठीत बोलणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी आधी हेच विचारलं, चावता कसं? मग सांगितलं की हे चिंगम नाहीच, हे गालात ठेवायचं औषध आहे. सावकाश आठ-दहा वेळा चावायचं, मिरी चावल्यासारखं झणझणलं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं, झणझण गेली की परत थोडं चावायचं, जागा बदलायची, असं अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं. भराभर चावलं की ते लाळेबरोबर पोटात जातं, तिथं त्याचा उपयोग फार थोडा होतो आणि उचकी-मळमळ मात्र सगळी पदरात पडते. एवढी साधी गोष्ट, डबीतल्या कागदावर लिहिलेली आहे पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, आणि मेडिकलवाल्यानं तर पाकीट दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

दुसरी गोष्ट मला स्वतःला कळायला आठवडा गेला आणि माझ्या मते हीच सगळ्यात कामाची आहे. सिगरेट ओढली की निकोटीन दहा-पंधरा सेकंदात डोक्यात पोचतं. चिंगमला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणजे तलफ लागल्यावर तोंडात टाकलं तर तोपर्यंत तुम्ही टपरीवर पोचलेले असता. मग मी काय केलं, स्टँडच्या आधी टाकायला लागलो. पाचवड सोडलं की एक, म्हणजे वाईला गाडी लागेपर्यंत ते चढलेलं असतं. घाट चढताना मधेच एक, पाचगणीसाठी. आम्हाला टाइमटेबल पाळायची सवय असतेच, त्यामुळं हे जमलं, ऑफिसवाल्यांनी जेवणाची सुट्टी, मीटिंग संपायची वेळ, असलं काहीतरी धरून बघावं. तलफेच्या मागं धावायचं नाही, तिच्या आधी स्टॉपवर जाऊन उभं राहायचं.

आता चहा. हा मोठा घोळ आहे. चिंगम टाकायच्या आधी १५ मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही, खास करून कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत असलं काही नाहीच, कारण तोंडात आंबटपणा आला की गालातून निकोटीन शिरतच नाही. म्हणजे स्टँडवर एक तर चहा, नाहीतर चिंगम. सुरवातीला वैताग आला, पण नंतर लक्षात आलं की चहा आणि सिगरेटची जी जोडी होती ती यानं आपोआप मोडली. आधी चिंगम, मग चूळ भरून चहा, तोपर्यंत गाडी सुटायची वेळ झालेली.

त्यात अजून एक, दुसऱ्या आठवड्यात माझी झोप उडाली आणि छातीत धडधड व्हायला लागली. मला वाटलं चिंगमनंच होतंय. सिव्हिलमध्ये तंबाखू सोडवायचा कक्ष आहे तिथं दाखवलं, डॉक्टरांनी विचारलं चहा किती? म्हणलं सात-आठ. तर ते म्हणाले, सिगरेटच्या धुरामुळं लिव्हर चहा-कॉफीतलं कॅफिन झपाट्यानं संपवतं, सिगरेट थांबली की ते काम मंदावतं, म्हणजे तेवढ्याच चहाचं कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. चहा चारावर आणा. आणला, चार दिवसात झोप आली. हे धुरामुळं होतं, निकोटीनमुळं नाही, म्हणून चिंगम चालू असलं तरी फरक पडतोच. नवीन सोडणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा, नाहीतर चहाच्या धडधडीला घाबरून परत सिगरेट पेटवाल.

तिथंच मला हे पण कळलं की मी चुकीची पावर घेत होतो. डॉक्टरांनी विचारलं, उठल्यावर पहिली किती वेळात ओढायचा? मी पहाटे साडेचारला उठायचो आणि तोंड धुवायच्या आधी पहिली. नियम असा आहे की उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असंल तर ४ मिलीग्राम, नाहीतर २. आणि ४ चं चिठ्ठीशिवाय मिळत नाही. त्यांनी बीपी बघून लिहून दिलं, तीन आठवडे ते घेतलं, आता परत २ वर आलोय. म्हणून तो एक स्टार कापला. हा अर्ध्या तासाचा नियम डबीवर समोरच ठळक छापायला काय जातंय? पहिले दोन आठवडे मी कमी पावरमुळं कुढत काढले, बायकोवर ओरडलो, एका पोराशी दहा रुपये सुट्ट्यावरनं भांडलो आणि वर म्हणत होतो की चिंगम फालतू आहे. (हार्टचा त्रास असंल, बाई गरोदर असंल, तर स्वतःच्या मनानं काही घेऊ नका, आधी डॉक्टरला विचारा.)

आता आमच्या धंद्यातली खास अडचण. गालात गोळी दाबून "तिकीट, तिकीट, बोला कुठं" असं म्हणत फिरणारा कंडक्टर कसा दिसतो? तंबाखू खाल्लेला दिसतो. दिवसातून दोनदा तरी कोणीतरी टोमणा मारायचं, पाचगणीच्या शाळेत पोराला सोडायला निघालेल्या एक मॅडम तर म्हणाल्या, सरकारी माणूस असून गाडीत गुटखा खाता, लाज नाही वाटत. गुटख्यावर आपल्याकडं २०१२ पासून बंदी आहे हे त्यांनीच मला सांगितलं. मी खिशातली स्ट्रिप काढून दाखवली तर त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजूनं वाचली, परत दिली आणि काही न बोलता अर्धं तिकीट घेतलं.

गंमत म्हणजे याचा शोधच अशा लोकांसाठी लागलाय. फोनवर वाचलं, साठच्या दशकाच्या शेवटी स्वीडनमधे, पाणबुडीतल्या खलाशांना आत सिगरेट ओढता यायची नाही म्हणून ते तंबाखू चघळायचे, त्यावरनं ही कल्पना निघाली. पाणबुडी आणि लालपरी एकच की, दार लागलं की संपलं.

चवीबद्दल फार काही नाही. मिंट म्हणजे टूथपेस्टमधे तिखट घातल्यासारखं, पान फ्लेवर म्हणजे लग्नातलं उरलेलं पान. वीस मिनिटांनी रबर. पहिल्या दोन आठवड्यात जबडा दुखला, गालाला आतून सोललं, तेव्हा बाजू बदलत राहा. दाढेत सिमेंट भरलेलं असंल तर त्याला चिकटतं.

खर्च सांगतो. पहिल्या दोन आठवड्यात दिवसाला दहा-अकरा लागायची, म्हणजे एक स्ट्रिप, म्हणजे सिगरेटच्या निम्म्यात. आता पाच-सहावर आलोय. कागदावरचा हिशोब असा की पहिले ६ आठवडे तास-दोन तासाला एक, मग ३ आठवडे दोन-चार तासाला, मग ३ आठवडे चार-आठ तासाला, आणि १२ आठवड्यांनी बंद. लोक पैसे वाचवायला पहिल्या आठवड्यातच दोन-तीनवर भागवतात आणि मग म्हणतात काही उपयोग नाही, तसं करू नका.

उपयोग कुठं नाही ते पण सांगतो. हाताचं हे काही करत नाही. बोटांना काहीतरी लागतं. तिकीट मशीन हातात असेपर्यंत ठीक, पण महाबळेश्वरला अर्धा तास गाडी थांबते तेव्हा हातांचं करायचं काय हा खरा प्रश्न. मी जेष्ठमधाची काडी धरली, भाजलेले चणे खिशात ठेवले, एक-एक सोलून खायचे, सोलण्यात वेळ जातो. ताईंनी सांगितलेलं की एक तलफ चार-पाच मिनिटाच्या वर टिकत नाही, घड्याळ लावून बघा. लावलं. खरंय, पण ती चार मिनिटं वाईच्या बाजारादिवशीच्या गर्दीएवढी लांब असतात. डेपोतले एक जण म्हणाले मिश्री लाव, सिगरेट सुटंल. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच की हो. दुसऱ्यानं पोराची व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, आणून देतो म्हणून सांगितलं, ती तर २०१९ पासून देशात बंद आहे.

आणि नवव्या दिवशी मी घसरलो, लपवत नाही. महाबळेश्वर, धो धो पाऊस, धुक्यात समोरची गाडी दिसत नव्हती, युनिफॉर्म ओला, कणसाच्या शेगडीचा धूर नाकात, आणि शेजारी आमचे ड्रायव्हर नाना बिडी ओढत उभे. १९ वर्षात मी कधी बिडी ओढली नव्हती. त्या दिवशी नानांच्या हातातली घेऊन तीन झुरके मारले. डोकं गरगरलं आणि तोंड असं झालं की जळकं पोतं चावलं. संध्याकाळी ताईंचाच फोन आला, ते लोक स्वतः परत फोन करून विचारतात, सांगितलं त्यांना. रागावल्या नाहीत, एवढंच विचारलं की तेव्हा खिशात चिंगम होतं का? नव्हतं. स्ट्रिप पेटीत राहिली होती आणि पेटी गाडीत. त्या दिवसापासनं शर्टाच्या खिशात दोन, पँटच्या खिशात दोन.

घेणाऱ्यांसाठी एवढंच, स्ट्रिपवरची एक्स्पायरी बघून घ्या, मला एकदा जुनी मिळाली, दगडासारखी होती. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, घरात चिंगम म्हणून कोणीतरी तोंडात टाकंल. आणि टाकताना कागदात गुंडाळून टाका, सीटखाली नको, गाडी आम्हालाच बघावी लागते.

परवा महाबळेश्वरलाच नाना म्हणाले, दे एक, बघू तरी काय एवढं चघळत असतोस. मी दिलं आणि सांगायला लागलो, नाना, हळू, आठ-दहा वेळा, मग गालात... तर म्हणाले, अरे रिटायरमेंटला आलो मी, तू मला चावायला शिकवतो का. कचाकचा चावलं आणि चढले गाडीत. अजून इंजिन चालू करतायत तोपर्यंत लागली. हिक. केबिनच्या मागच्या सीटवर एक मावशी होत्या, म्हणाल्या, ड्रायव्हरदादा, कोणीतरी आठवण काढतंय बघा. नानांनी आरशातनं माझ्याकडं बघितलं. मी गप डबल बेल दिली.