फुलदाणीची पुडी: गुलाबाला मानवली, कार्नेशनला नाही

कापलेली फुलं जास्त टिकावीत म्हणून फुलदाणीच्या पाण्यात घालायच्या या पुडीत नवल काही नाही: फुलाला खाऊ म्हणून साखर, पाणी आंबट करायला सायट्रिक आम्ल, शिवाय जंतुनाशक. पण प्रमाण जमलंय, आणि पैसे त्याचेच. नुसती साखर घातली की जिवाणू माजतात, देठातल्या नळ्या बुजतात आणि भरल्या पाण्यात फूल सुकतं. या पुडीनं गुलाबाच्या माना ताठ राहिल्या, घट्ट कळ्यासुद्धा पूर्ण उमलल्या. देठाचं टोक बोटांत चोळून पाहिलं, जराही बुळबुळीत नाही!

कार्नेशनच्या पाकळ्या मात्र आत वळून पेंगल्या. हा इथिलीन वायूचा प्रताप. पिकणारी सफरचंदं, केळी हा वायू सोडतात आणि त्यापुढे पुडीचं काही चालत नाही. त्यासाठी उत्पादक काढणीनंतर लगेच देठांना सिल्व्हर थायोसल्फेट, म्हणजे इथिलीनचा परिणाम रोखणारं चांदीचं संयुग, पाजतात. तेव्हा वेष्टनावरचं ‘सर्व फुलांसाठी’ जरा अतीच.

आणि किती पाण्याला एक पुडी, ते इतक्या बारीक अक्षरांत का? पाणी जास्त झालं तर जंतुनाशक पुरत नाही, साखर तेवढी जिवाणूंच्या पोटात जाते. त्यापेक्षा साधं पाणी बरं.

गुलाबांसाठी परत घेईन.