घरचा कॉम्प्युटर बाहेरून उघडायचा: राउटरवर वायरगार्ड की टेलस्केल?

घर रामबागेत किंवा सुदामानगरात, टॅली आणि जुन्या फायली घरच्या डेस्कटॉपवर, आणि दिवस जातो विजयनगरला नाहीतर पिथमपूरला. इंदूरमध्ये हिशेबाची कामं करणाऱ्या आपल्यातल्या अनेकांची हीच रीत आहे. घरच्या मशीनपर्यंत बाहेरून पोहोचायचं तर विचारात घेण्यासारखे दोन मार्ग आहेत: राउटरवरच वायरगार्डचा व्हीपीएन (इंटरनेटमधून घरापर्यंत जाणारा बंदिस्त बोगदा) उभा करायचा, किंवा मशीनवर टेलस्केल नावाचं ॲप टाकायचं. मी दोन्ही बरेच दिवस वापरले आहेत.

राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट (नंबरचं दार) सरळ रिमोट डेस्कटॉपकडे, म्हणजे दूरच्या मशीनचा पडदा इथे दाखवणाऱ्या विंडोजच्या सोयीकडे, वळवून देण्याचा जुना मार्ग मी तुलनेत धरलेलाच नाही. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली. पासवर्ड न देताच बाहेरच्याला आत शिरता येईल, इतकी ती गंभीर होती. मायक्रोसॉफ्टने केव्हाच बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. पोर्टचा नंबर बदलूनही तो लपत नाही, शोधणारे सगळेच नंबर चाळत असतात. कृपया हे करू नका, ओळखीतल्या कुणी करून ठेवलं असेल तर बंद करायला लावा.

निवडीआधी एक तपासणी कराच. राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) कोणता दिसतो आणि बाहेरची एखादी साइट तुमचा आयपी कोणता सांगते, हे ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील तर उत्तम. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते पुरेनासे झाले, तेव्हा २०१२ मध्ये हा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. कंपनी अनेक गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. (काही ठिकाणी इथे १० ने सुरू होणारा पत्ताही दिसतो, अर्थ तोच.) बाहेरून आलेलं पॅकेट कंपनीच्याच यंत्रापाशी अडतं. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, डीडीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सोय) लावा, काही उपयोग नाही. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्यांतून वाट निघू शकते, पण ते दोन्ही टोकांना हवं. एरवी वायरगार्डसाठी स्टॅटिक आयपीचे (न बदलणाऱ्या सार्वजनिक पत्त्याचे) पैसे मोजायची तयारी ठेवा. टेलस्केलला यातलं काहीच लागत नाही.

तरीही वायरगार्डबद्दल मला मनापासून आदर आहे. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नेलमध्ये (गाभ्यात) ते आलं. सगळा कोड काही हजार ओळींचा, त्यामुळे तपासायला सोपा. ओळखीची किल्ली नसलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. फोन घरच्या वायफायवरून मोबाइल डेटावर गेला तरी जोडणी तुटल्यासारखी वाटत नाही. एकदा आत शिरलं की कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, सगळं एकाच वाटेने मिळतं, मध्ये कुठलीही कंपनी नाही. फक्त गुणच मोजायचे असते तर मी इथेच थांबलो असतो.

माझं मत फिरलं ते एका गोष्टीमुळे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी आधी सांगत नाही. घरचं नेटवर्क १९२.१६८.१ चं, म्हणजे घरातल्या प्रत्येक यंत्राचा पत्ता याच आकड्यांनी सुरू होतो. पिथमपुरातल्या ज्या कारखान्याचे हिशेब मी बघतो, तिथलंही १९२.१६८.१ चंच. तिथे बसून मी वायरगार्ड चालू करायचो, जोडणी झाल्याचं हिरवं चिन्ह दिसायचं, हँडशेकची (दोन टोकांची ओळख पटल्याची) वेळही ताजी असायची. मग घरच्या डीव्हीआरसाठी १९२.१६८.१.२० टाकलं की उघडायचं कारखान्यातल्या प्रिंटरचं पान, टोनर किती उरला ते सांगणारं. लॅपटॉपचंही बरोबरच होतं: त्याच्या दृष्टीने तो पत्ता समोरच्या वायफायवरच होता, मग तो बोगद्यातून घरी कशाला जाईल? मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळं सुरळीत, कारखान्यात बंद, बहिणीकडे पुन्हा बंद, कारण तिचाही राउटर १९२.१६८.१ चाच. जागेप्रमाणे येणारा-जाणारा असा दोष फार छळतो, कारण ऐन कामाच्या वेळी आपण भलतीकडेच शोधत बसतो.

यावर पळवाट आहे. एकेका मशीनसाठी /३२ चा, म्हणजे फक्त त्या एका पत्त्याचा, वेगळा रूट लिहिला की तेवढा पत्ता बोगद्यातून जातो. पण मग तिथला त्याच नंबरचा प्रिंटर मिळत नाही, आणि ती यादी प्रत्येक लॅपटॉपवर सांभाळावी लागते. खरा उपाय म्हणजे घरच्या पत्त्यांची रेंजच बदलणं, उदाहरणार्थ १९२.१६८.७३. भरल्या घरात हे काम वाटतं तितकं लहान नाही. डीव्हीआरला पत्ता पक्का करून दिलेला, तो टीव्हीसमोर बसून माउसने बदलायचा. प्रिंटर प्रत्येक कॉम्प्युटरवर पुन्हा जोडायचा. दुसऱ्या मशीनवरचा शेअर फोल्डर नव्याने लावायचा. बाबांच्या फोनमधलं कॅमेऱ्याचं ॲप बंद पडलं की तेही बघायचं.

टेलस्केलमध्ये ही अडचण उद्भवतच नाही. प्रत्येक मशीनला त्याच १०० च्या पट्ट्यातला स्वतःचा पत्ता मिळतो आणि एक नावही. मी कुठल्याही वायफायवर असलो तरी घरच्या मशीनचं नाव टाकलं की घरचंच मशीन उघडतं. आत वायरगार्डच चालतं. दोन्ही बाजू आतून बाहेर हाक देतात, म्हणून सीजीनॅट आडवं येत नाही. सरळ वाट जुळली नाही तर डेटा रिले सर्व्हरवरून जातो, तोही बंद पाकिटातच, कारण किल्ल्या आपल्याच मशीनवर राहतात. सरळ वाटेवर टॅलीत एंट्री करताना मला घरी बसल्यासारखंच वाटतं. रिलेवर अक्षरं किंचित मागून उमटतात, पण काम अडत नाही. टॅली मात्र रिमोट डेस्कटॉपमधूनच चालवा. डेटाचा फोल्डर शेअर करून इकडून उघडणं दोन्ही मार्गांवर मला असह्य संथ वाटलं. आणि घरच्या मशीनवर विंडोजची होम आवृत्ती असेल तर ती रिमोट डेस्कटॉपने आत घेत नाही. प्रो घ्या किंवा रस्टडेस्कसारखं दुसरं रिमोट ॲप वापरा.

टेलस्केलच्या उणिवा लपवत नाही. मशीनची एकमेकांशी ओळख करून देणारा सर्व्हर कंपनीचा असतो आणि लॉगिन बहुधा गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून, म्हणून त्या खात्याला दुहेरी पडताळणी हवीच. ज्यांना हे पटत नाही त्यांना कंपनीच्या सर्व्हरऐवजी हेडस्केल हा पर्यायी सर्व्हर स्वतः चालवता येतो. डीव्हीआर किंवा प्रिंटरवर टेलस्केल टाकता येत नाही. त्यांच्यासाठी घरातल्या एखाद्या कॉम्प्युटरला सबनेट राउटर (घरच्या बाकी यंत्रांपर्यंत नेणारा मध्यस्थ) करावं लागतं, आणि तिथे १९२.१६८.१ ची टक्कर पुन्हा समोर येते. मला बाहेरून लागतो तो मुख्यतः कॉम्प्युटरच, म्हणून माझं भागतं.

लाइट गेल्यावर काय, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करून ठेवा. झोपलेलं मशीन उठवणारं वेक-ऑन-लॅनचं पॅकेट मात्र घरातल्या घरातच फिरतं, बोगद्यातून जात नाही. पुष्कळ राउटरच्या पानावर त्यासाठी बटण असतं, तिथे वायरगार्ड उजवं ठरतं. टेलस्केलवाल्यांना घरात सतत चालू असणारं काहीतरी लागतं. मी राउटरशेजारी एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) ठेवला आहे, छोट्या यूपीएसवर.

स्टॅटिक आयपी आधीपासून आहे आणि कॅमेऱ्यांसकट सगळं घर बाहेरून हवं आहे, अशांनी वायरगार्ड घेतलं तर मी अडवणार नाही. फक्त पहिल्याच दिवशी, डीव्हीआर आणि प्रिंटरला पत्ते देण्याआधी, घरच्या पत्त्यांची रेंज बदलून टाका. बाकीच्यांनी टेलस्केल लावून पाहावं. त्याची किल्ली मुळात १८० दिवसांनी संपते आणि मग मशीनसमोर बसून पुन्हा लॉगिन करावं लागतं. घरच्या मशीनपुरती ही मुदत ॲडमिनच्या पानावरून बंद करता येते. ते लांबच्या प्रवासाला निघण्याआधी करा.