महालक्ष्मी, तळेगाव की एनसीसी? मुंबईच्या मुलांनी घोडेस्वारी कुठे शिकावी

मुलाने किंवा मुलीने ‘मला घोडेस्वारी शिकायचीय’ असा हट्ट धरला की मुंबईतल्या आईबापांपुढे खरे पर्याय तीनच असतात: महालक्ष्मी रेसकोर्सवरचा क्लब, पुण्याकडचं निवासी शिबिर, आणि मूल कॉलेजात असेल तर एनसीसी. माथेरानची रपेट मी यात धरत नाही. तिथे दोर घोडेवाल्याच्या हातात, वाट घोड्याला तोंडपाठ, वर बसलेल्याने फक्त फोटोसाठी हसायचं. मोटारबंदीच्या त्या गावात कित्येक घरं या घोड्यांवर चालतात, तेव्हा जरूर बसवा. पण त्यावरून मुलाच्या आवडीचा अंदाज बांधू नका. चौपाटीवरच्या फेरीतून तर काहीच हाती लागत नाही. निव्वळ हौसेखातर घोडागाड्या पळवणं बेकायदेशीर असल्याचं उच्च न्यायालयाने 2015 मध्ये व्हिक्टोरियांच्या प्रकरणात सांगितलं होतं. जनावराचे हाल बघून पोरांना घोड्याची गोडी लागेल असं मला वाटत नाही.

क्लास निवडताना सगळे आधी फी विचारतात आणि मग अंतर. मी आधी विचारते, खरारा, म्हणजे घोड्याच्या अंगाची घासून सफाई, कोण करतं? मूल आलं, टोपी घातली, तयार घोड्यावर चढलं, अर्ध्या-पाऊण तासाने उतरून गाडीत बसलं, असं जिथे चालतं तिथे पैसे जास्त आणि शिक्षण कमी. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात एबनी हॉर्स क्लब नावाची संस्था 1996 पासून शहरी वस्तीतल्या मुलांना घोडेस्वारी शिकवते. तिथे घोड्याची देखभाल हा शिक्षणाचाच भाग असतो. तिथेच शिकलेल्या खदीजा मेल्लाहने 2019 साली इंग्लंडमधल्या गुडवुड रेसकोर्सवरची मॅग्नोलिया कप शर्यत जिंकली. धारावी-गोवंडीच्या पोरांना चालत जाता येईल अशी पागा आपल्याकडे नाही, ही खंत आहेच. निदान पैसे मोजून शिकवताना तरी तबेल्यातलं काम वगळलेलं नसावं.

क्लास लावण्याआधी एकदा नुसतं बघायला जा आणि तंगाकडे लक्ष ठेवा. तंग म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा. तो कसताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात. दोन पावलं चालले की हवा सोडतात आणि पट्टा सैल पडतो. चांगला शिक्षक स्वार चढण्याआधी पुन्हा बोटं घालून बघतो, मुलालाही बघायला लावतो, मगच रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या पायकडीत) पाय टाकू देतो. जिथे सईस (घोड्यांची निगा राखणारा माणूस) एकदाच पट्टा ओढतो आणि शिक्षक मोबाइलमध्ये डोकं घालून उभा असतो, तिथून चहा पिऊन परत यावं.

आता महालक्ष्मी. अमॅच्युअर रायडर्स क्लब 1942 पासूनचा. जागा शहराच्या मधोमध, आणि स्टेशनवरून चालत जाता येतं. बोरिवली-अंधेरीकरांना एकच गाडी. ठाणे-डोंबिवलीकरांनी मात्र दादरला गाडी बदलायची, आणि क्लास रविवारचा असेल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक शिक्षकाच्या वेळापत्रकाइतकंच पाठ ठेवायचं. मोठा फायदा सातत्याचा. घोडेस्वारीत मांड, म्हणजे खोगिरावरची बैठक, पक्की होते ती आठवड्यामागून आठवडे बसूनच. दुडकी चालीत घोड्याच्या ठेक्यावर उठबस जमायलाच नवशिक्याचा बराच काळ जातो. पुढे स्पर्धेत उतरायचं असेल तर तसं वातावरण शहरात इथेच आहे. 2023 च्या हँगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं (घोड्याकडून नेमक्या चाली करून घेण्याच्या प्रकाराचं) सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांत हृदय छेडा हा मुंबईकर होता. घोडेस्वारीतलं भारताचं ते 41 वर्षांनंतरचं सुवर्ण.

अडचणीही आहेत. आपल्याकडच्या क्लबांत बरेच घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचे घोडे) असतात: उंच, चपळ, कानाशी पिशवी फडफडली तरी बिचकणारे. नवशिक्याला कुठला घोडा देतात हे विचाराच. दुसरं, रेसकोर्सच्या जमिनीतली सुमारे 120 एकर महापालिकेच्या उद्यानासाठी देण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला. तेव्हा वर्षाची फी एकदम भरण्याआधी मैदान आणि तबेला वर्षभर जागेवर राहणार का, हे ऑफिसात स्पष्ट विचारून घ्या. तिसरं पावसाळ्याचं. चिखलात किती क्लास बुडतात आणि बुडालेल्याचे पैसे वळते होतात का?

तळेगाव दाभाडे भागातल्या जापालूपसारख्या केंद्रांची तऱ्हा वेगळी. सुट्टीत मूल तिथे राहायलाच जातं आणि दिवसभर घोड्यांत असतं. सकाळी पागेत लीद उचलायची, खुरात अडकलेली माती आकड्याने काढायची, तोबरा (चाऱ्याची पिशवी) भरायचा, मग स्वारी. शहरात हप्त्याहप्त्याने जे कळतं ते इथे एका दमात कळतं. घोड्याच्या थेट मागून जायचं नाही, कारण तिथलं त्याला दिसत नाही. जवळ जाताना आधी आवाज द्यायचा. हे एकदा अंगवळणी पडलं की विसरत नाही. आवड खरी की टीव्ही बघून आलेली, हेही चार दिवसांत उघड होतं. उणीव एवढीच की घरी परतल्यावर सरावाला घोडा नसतो. दिवाळीपर्यंत मांड सैल झालेली असते.

एनसीसीचा पर्याय पालकांच्या लक्षातच येत नाही. तिच्यात रिमाउंट अँड व्हेटर्नरी नावाची तुकडी असते, जिथे घोडेस्वारी हाच मुख्य विषय. या तुकड्या बहुधा पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या असतात आणि जागा थोड्या. खर्च जवळपास नाही, शिस्त भरपूर, मुलींनाही प्रवेश. फक्त ‘मम्मी, आज कंटाळा आलाय’ तिथे चालत नाही.

माझा कौल विचाराल तर शाळकरी मुलाला आधी उन्हाळ्यात शिबिराला पाठवा. परत आल्यावरही ते घोड्याचं नाव घेत असेल, लीद उचलल्याची तक्रार नसेल, तर महालक्ष्मीचं बघा. तेही घर पश्चिम रेल्वेवर असेल तर. बदलापूर-टिटवाळ्याहून पहाटेच्या क्लाससाठी मुलाला उठवण्यापेक्षा वर्षातून दोन शिबिरं परवडतात. अकरावीच्या पुढचं मूल असेल आणि खिसा बेताचा, तर आधी एनसीसी, बाकी सगळं नंतर.

कुठेही गेलात तरी दोन गोष्टी घरून करून जा. धनुर्वाताची लस झाली आहे का ते तपासा, कारण तबेल्यातल्या मातीत ते जंतू असतात. आणि बूट टाचेचे घ्या. सपाट स्पोर्ट्स शूज रिकिबीतून आरपार सरकतात आणि पडताना पाय तिथेच अडकतो. सायकलचं हेल्मेट चालत नाही, घोडेस्वारीचं वेगळं येतं. सुरुवातीला क्लबचंच मिळतं, पण ते हनुवटीखाली घट्ट बसतंय ना, हे स्वतः बघा.